कथेतली बाई चाळीस पानं सोसते आणि एका परिच्छेदात उभी राहते, असं का?

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेचं पहिल्या चाळणीचं वाचन माझ्याकडे असतं, आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त कथा 'संकटात सापडलेली बाई आणि तिची जिद्द' ह्यावर येतात. विषयाबद्दल तक्रार नाही, असल्या कथा याव्यातच. तक्रार आहे ती मापाची. नवरा दारू पितो, सासू छळते, दिराची नजर वाईट, पोर आजारी, घरात दाणा नाही, हे सगळं रंगवून रंगवून पानंच्या पानं, कुठल्या भिंतीवर डोकं आपटलं आणि किती रक्त आलं इथपर्यंत. मग शेवटच्या पानावर 'तिने डोळे पुसले आणि ती उठली', की पुढच्याच ओळीत दहा वर्षं उलटलेली, बाई लाल दिव्याच्या गाडीतून उतरतेय आणि तेच गावकरी हार घेऊन उभे.

अहो मधली दहा वर्षं गेली कुठे? मला तर तीच वाचायची होती. पहिला पैसा कुठून आला, पोरांना कुणापाशी ठेवलं, खोलीवाल्याला काय सांगितलं, मदत कुणी केली आणि त्याने नंतर ती कशी वसूल केली. ह्यातलं काहीच नाही. छळाचा तपशील आपल्याला भरपूर माहीत आहे आणि उभं राहण्याचा अजिबात नाही असं दिसतंय. की माहीत असून लिहायला कंटाळवाणं वाटतं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कुणी स्वतः लिहीत असाल तर तुकडाही टाका, बोलू त्यावर.

टवाळखोर

लाल दिवा २०१७ सालीच बंद झाला, कथाकार मंडळींना कुणीतरी कळवा हो. नायिका अजून त्याच गाडीतून उतरतायत.

बाकी धागा भारी. मी खुर्ची टाकून बसलोय.

घाटावरचा

थोडा असहमत. कलेक्टर झालेली नायिका वाचून आपण शहरातले लोक हसतो, पण तालुक्याच्या वाचनालयात बसून अभ्यास करणारी पोरगी हसत नाही, तिला ते खरंच हवं असतं. धुणीभांडी करून पोरांना शिकवलेल्या आया आणि त्यातून अधिकारी झालेल्या मुली प्रत्यक्षात आहेत की. मग कथेत आल्या तर एवढं नाक मुरडायचं कारण काय? सगळं वास्तव, वास्तव म्हणत शेवटी बाईला विहिरीत ढकलणाऱ्या कथा मी जास्त वाचल्यात, आणि बक्षिसं त्यांनाच मिळतात हेही बघितलंय.

रानजाई

@घाटावरचा, कलेक्टर होऊ दे की, माझं काहीच म्हणणं नाही. पण होताना दाखव ना. पूर्व परीक्षा दोनदा गेली, क्लासची फी भरायला मंगळसूत्र मोडलं आणि सासरी सांगितलं की चोरीला गेलं, असं काहीतरी. तुझ्या त्या वाचनालयातल्या मुलीला पण तेच वाचायचं असणार. गाडीतून उतरण्याचा सीन तिच्या काय कामाचा?

ग्रंथपाल_आजी

नोकरीभर पुस्तकंच हाताळली म्हणून थोडं जुनं सांगते, कंटाळा आला तर पुढे जा. आपल्याकडे कादंबरीची सुरुवातच ह्या विषयाने झालीय. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची, आणि तिचा विषयच विधवांचे हाल. पण त्यात विधवा बघायला दुसरं कुणीतरी हिंडतं, ती स्वतः फारशी बोलत नाही. हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो?' छापायला घेतली तेव्हा त्यातली नायिका यमू स्वतःच्या तोंडाने सांगायला लागली. फरक बघा किती मोठा आहे.

आता यमूच्या हाती शेवटी काय लागतं? काहीच नाही. नवरा जातो, जबरदस्तीने केशवपन होतं, ती खचून जाते. पण ती नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते तो भाग परत काढून वाचा. वाचन, मैत्रिणी, सभेला जाणं, घरात चार माणसांसमोर मोकळेपणाने बोलणं, असल्या बारीकसारीक गोष्टींत ती किती फुलते ते हरिभाऊंनी निवांतपणे लिहिलंय. म्हणून पुढचं वाचवत नाही. तुम्ही जे 'मधलं' म्हणताय ते मराठीत नव्हतंच असं नाही, आपण विसरलोय. टीव्हीवरच्या मालिका बघून कथा लिहायची सवय लागली की असं होतं.

सासूबाई_नं१

मालिका मधे आल्याच शेवटी, मला वाटलंच होतं. मी बघते बुवा मालिका, रात्री जेवणं झाल्यावर. पण एक विचारायचं होतं, ह्या सगळ्या कथांत सासू कायम खलनायिकाच का? ती पण कुणाची तरी सून होती ना? आमच्या गावात तरुण सून विधवा झाली की नातवंडं सांभाळते सासूच, कमावायला जाते ती सून. भांडतात, एकमेकींना घालूनपाडून बोलतात, पण एका चुलीवर राहतात. हे कुणी लिहीत नाही.

अक्षरवेल

+१००. आणि बाईच्या कथेत 'बाहेर पडणं' हाच एक शेवट ठरून गेलाय, ते पण बोला कोणीतरी. आशापूर्णा देवींच्या 'प्रथम प्रतिश्रुति'त सत्यवती शेवटी घर सोडते, ते पटतं, कारण तिला न विचारता तिच्या एवढ्याशा मुलीचं लग्न उरकून टाकलेलं असतं आणि त्याच्या आधीची कितीतरी वर्षं आपण तिच्याबरोबर त्या घरात काढलेली असतात. सुटं उचलून तसलं दार आपटणं आपल्या कथेत चिकटवलं तर ते नाटकी होणारच.

उलट टोक बघायचं तर 'पिंजर'. अमृता प्रीतमची पूरो. पळवून नेलेली मुलगी, आईबापांनी घरात घ्यायला नकार दिलेला. फाळणीत भावाची बायको तिकडे अडकते तेव्हा पूरो तिला जिवावर उदार होऊन सोडवते, सरहद्दीवर आणून भावाच्या हवाली करते, आणि स्वतःला जायची संधी असताना जात नाही. मी कॉलेजात वाचली तेव्हा भयंकर रागावले होते, मूर्ख बाई म्हणाले. आता वाटतं की त्या पुस्तकात तिने स्वतःहून ठरवलेल्या मोजक्या गोष्टींतली ती एक आहे. राग अजून येतोच, तो भाग वेगळा.

घाटावरचा

पूरोचं मान्य. पण हे सगळं जुनं झालं. आत्ताच्या बायकांचं काय?

अक्षरवेल

कविता महाजनांची 'ब्र' वाच, २००५ ची. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावागावात सरपंचबाई खुर्चीवर बसल्या, मग कारभार कुणी केला, शिक्का कुणाच्या खिशात राहिला, बाई बोलायला लागल्यावर काय झालं, हे सगळं त्यात आहे. सांगणारी प्रफुल्ला स्वतः मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली आणि तिला ह्या बायका भेटत जातात. कुणीच एकदम शूर होत नाही त्यात. आधी सभेत बसते, मग अजेंडा वाचून दाखवा म्हणते, मग सही करायला नाही म्हणते, आणि नाही म्हटल्याचं भोगते.

नवलेखिका_९१

धागा वाचून धीर आला म्हणून टाकतेय, जपून फोडा. माझी कथा ऊसतोड कामगार बाईवर आहे. नाव शांता, बीड जिल्हा. नवरा फडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातो. पंधरा दिवसांनी मुकादम (टोळी कारखान्याला नेणारा) उचलीचे, म्हणजे हंगामाआधी आगाऊ दिलेले पैसे मागायला दारात येतो, वाईट बोलतो. सासू पण तिलाच पांढऱ्या पायाची म्हणते. शेवट असा आहे:

'शांताच्या डोळ्यांत अंगार फुलला. तिने कोपऱ्यातला कोयता उचलला. तिचं ते रणचंडीचं रूप पाहून मुकादमाच्या पायाखालची जमीन सरकली. "खबरदार एक पाऊल पुढे टाकशील तर! मी अबला नाही, मी सबला आहे!" तिचा आवाज आसमंतात घुमला. मुकादम शेपूट घालून पळाला. गाव टाळ्या वाजवू लागलं. पुढच्याच वर्षी शांता ऊसतोड महिला संघटनेची अध्यक्षा झाली.'

टवाळखोर

जपून फोडा म्हणालीस म्हणून एवढंच विचारतो, टाळ्या वाजवणारं गाव इतका वेळ कुठे होतं?

बालाघाट

मी ह्याच भागात मास्तर आहे. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली पोरं आईबापाबरोबर कारखान्याला जातात, थेट मार्च-एप्रिलला परत, त्यामुळे हे सगळं रोजच्या बघण्यातलं. लांबलचक लिहितो, आधीच सांगून ठेवतो.

ताई, कोयता उचलून मुकादम पळत नसतो. तो हसतो आणि संध्याकाळी दोन माणसं घेऊन परत येतो. तुमच्या कथेतली अडचण कोयत्याच्या पात्याची नाहीच, हिशोबाच्या कोयत्याची आहे. आमच्याकडे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, नाव मुकादमाच्या डायरीत नवऱ्याचं. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात जाऊन तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, आणि डायरीत ती कुठेच नसते. एकटं माणूस असेल तर त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. म्हणजे नवरा मेला की बाई एका रात्रीत अर्धी झाली. एकट्या बाईला टोळीत घ्यायला मुकादम का कू करतो, तिच्याकडून ट्रकच्या भरत्या होत नाहीत म्हणतो, आणि घेतलीच तर बाकीच्या बायका तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

पैशाचं सांगतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दीड टन, फार तर दोन टन तोडते. समजा ८० हजार उचल घेतली आणि नवरा माघात गेला, तोवर तीनेक महिने तोडणी झालेली, तर पन्नासेक हजार फिटले असतील, तीस-एकतीस राहिले. ते आता कुणाच्या माथी? कागद कुठेच नाही, सगळं तोंडी, पण गावात ते तिच्याच माथी. त्यात खाडे. आजारी पडलं, बाळंत झाली, फडावर गेलं नाही की दिवसाला पाचशे-हजार दंड. हे पाळीच्या दुखण्यालाही लागतं. बीड जिल्ह्यात २०१९ ला गर्भाशयं काढल्याची बोंब झाली तेव्हा सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. वयं तिशीच्या आसपासची. खाडा परवडत नाही हे त्याच्या मागचं एक मोठं कारण, बाकी डॉक्टरांबद्दल इथे लिहीत नाही.

ह्यातलं एक जरी कथेत आलं तरी तुम्हाला अंगार वगैरे फुलवावा लागणार नाही.

सासूबाई_नं१

बाळंतपणाचा पण दंड?? मला हे माहीतच नव्हतं.

वकीलीणबाई

कायद्याचं थोडं. नवऱ्याचं कर्ज बायकोने स्वतःच्या कमाईतून फेडलंच पाहिजे असं कुठेच नाही, त्याच्यामागे जी मालमत्ता वारसांकडे आली असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. आणि उचल फिटेपर्यंत माणसाला कामाला बांधून ठेवणं हे वेठबिगारीत मोडतं, त्याविरुद्धचा कायदा १९७६ पासून आहे. नायिकेला हे कुणीतरी सांगू शकेल.

बालाघाट

वकीलीणबाई, तुमचं शंभर टक्के बरोबर, पण मुकादमासमोर १९७६ चा कायदा काढला तर पुढच्या हंगामाला तिला कुणी उभं करणार नाही. तिला काम पण त्याच्याकडूनच घ्यायचंय. म्हणून आमच्या बायका भांडतात कमी, घासाघीस जास्त करतात. ग्रामसेवकाकडून स्वतःच्या नावाचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घेणं ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट असते ते बाहेरून कळत नाही.

रानजाई

@नवलेखिका_९१, वाचतेयस ना? पळून जाऊ नकोस. मास्तरांनी तुला अख्खी कथा आणून दिलीय. आणि मला विचारशील तर त्या खाड्यांत काहीतरी आहे, दंडाच्या नोंदीत.

घाटावरचा

पण मग वाचकाला शेवटी मिळणार काय? घासाघीस? कोणी घासाघीस वाचायला कथा उघडतं का? मी तरी नाही.

ग्रंथपाल_आजी

घाटावरचे भाऊ, १९३३ साली विभावरी शिरूरकर ह्या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढं वादळ झालं होतं. मालतीबाई बेडेकर त्या, पण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात तरी काय होतं? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली, त्यांच्या पगारावर चालणारी घरं, आणि पगार थांबेल म्हणून लग्नाचा विषय न काढणारी घरची माणसं. कुणी कोयता उचलला नाही, कुणी भाषण ठोकलं नाही. तरी पुण्यात माणसं खवळली, कारण जे बोलायचं नाही ते नेमकं आणि शांतपणे लिहिलं होतं.

नवलेखिका_९१

पळाले नाही, लिहीत होते. मास्तरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून खूप त्रास दिला. अजून कच्चं आहे, भाषेत चुका असतील तर सांगा. सासू बदललीय, सासूबाईंच्या आग्रहास्तव :)

'मुकादमाने डायरी मांडीवर उघडली आणि बोट जिभेला लावून पान उलटलं.

"उचल ८० हजार. फिटले ४९. राहिले ३१. आन् खाड्याचे ५ धरून छत्तीस."

शांता उंबऱ्याच्या आत बसली होती. सासू बाहेर, भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"खाडे कशाचे?" शांताने विचारलं.

"माघातले. धा दिवस तुमचा कोयता फडावर नव्हता."

"कोणते धा दिवस?"

मुकादमाने डायरीत बघितलं. मग वर बघितलं नाही.

"तारीख वाचा की भाऊ."

"तुला म्हाईत हाये शांता. कशाला उगी."

"मला म्हाईत हाये. तुमी वाचा."

तो वाचेना. शेजारच्या दारातून गंगूबाई केव्हाची येऊन उभी होती, तिचं माणूस दोन सालामागं गेलेलं. सासूने दातातला पदर सोडला.

"माज्या लेकाच्या सुतकाचे पैसे मागाया आलास व्हय रं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

"मामी, कारखाना मला मागतो. मी काय घरून भरू?"

"येकतीस देते," शांता म्हणाली. "येक रुपया बुडवत न्हाई. पर दोन हंगामात. आन् औंदा उचल माज्या नावावर लिवायची. म्या आन् गंगूबाई, दोघींचा येक कोयता."

मुकादम हसला. "दोन बाया? ट्रक कोण भरील?"

"मोळ्या कोन चढवत व्हतं इतकी सालं?" गंगूबाई म्हणाली.

त्याने पेन काढलं, परत खिशात ठेवलं. "पाव्हणे माणसं हसतील मला. अर्धा-अर्धा लिहितो दोघींचा."

"अर्धा नगं."

"मंग लेकरं कुठं ठिवशील? गंगूबाईचं बी बारकं हाये."

"म्या हाये की," सासू म्हणाली. "मला कोपीवर न्या. भाकरी म्या थापीन."'

सासूबाई_नं१

अगं बाई!! डोळ्यात पाणी आलं. सासू कोपीवर, म्हणजे फडापाशी राहायच्या झोपडीत, जाते म्हणाली तिथे मी थांबले.

अक्षरवेल

हे वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय. 'तारीख वाचा की भाऊ' हे फार जमलंय. तो वाचत नाही तिथेच त्याची हार झाली आणि तरी त्याने अजून काहीच सोडलेलं नाही. एकच सुचवू का, 'आवाज चढवला नाही तिने' हे काढ, आम्हाला वाक्यातूनच ऐकू येतंय.

टवाळखोर

मी माझी विनोदाची पिशवी बांधून ठेवतो आज. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घाटावरचा

चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण अजूनही मला शेवट लागला पाहिजे. त्याने दोघींचा कोयता लिहिला की नाही?

नवलेखिका_९१

लिहितो, पण उचल कमी देतो. जोडीला ८० तर दोघींना ५५. आणि खाडे खोडत नाही, नुसतं बाजूला प्रश्नचिन्ह करून ठेवतो. मास्तर म्हणाले डायरीतलं काही खोडलं तर वरच्या हिशोबाला तो अडकेल. मला ते आवडलं कारण मग पुढच्या हंगामभर ते प्रश्नचिन्ह दोघांच्या मध्ये राहतं.

रानजाई

मुकादमही कारखान्याला बांधलेला आहे हे तू एका वाक्यात आणलंस ते बरं केलंस. 'मी काय घरून भरू' म्हणतो तिथे तो राक्षस राहत नाही, आणि तरी सुतकाचे पैसे मागतोच आहे. माझ्याकडे येणाऱ्या कथांतले पुरुष एकतर सैतान नाहीतर शेवटी धावत येणारा भला मास्तर. (बालाघाट, तुम्हाला कथेत घेऊ नको असं मी तिला आत्ताच सांगून ठेवते.)

बालाघाट

नकोच. आमच्यासारखे मास्तर कथेत फार झालेत आणि शाळेत कमी.

एक-दोन बारीक गोष्टी. मुकादम घरी हिशोबाला येतो ते हंगाम संपल्यावर, पट्टा पडल्यावर. पुढची उचल मात्र पावसाळ्यात ठरते, गणपती-पोळ्याच्या सुमारास. तुम्ही दोन्ही एकाच बैठकीत घेतलंय. म्हणून हा सीन सरळ श्रावणात टाका. 'औंदा' पण मग बरोबर बसेल, घरात खायला काही नसेल आणि उचलीची तिला गरज पण असेल. वैशाखात ती इतकी अडलेली नसते, श्रावणात असते. तिच्या मागणीला त्यामुळे जास्त जोर येईल, कारण अडलेली असून मागतेय.

वकीलीणबाई

आणि तिच्याकडे हे ३१ हजार येणार कुठून, दोन हंगामात का होईना? ५५ ची नवी उचल आणि त्यावर जुनं. दोघींनी दिवसाला दीड टन तोडला तरी निम्मे पैसे गंगूबाईचे. गणित बसत नाहीये माझं.

नवलेखिका_९१

हो ना, मी पण काल वहीत मांडून बघितलं, हंगाम पाच महिने धरला तरी शेवटी शांताच्या हातात जेमतेम काहीतरी उरतं. सासूने शेळी विकली असं करू का?

बालाघाट

शेळी नको, शेळी सगळ्याच कथांत विकतात. वाढे घ्या. उसाचे शेंडे हो, तोडताना वरचे हिरवे काढून त्याच्या पेंढ्या बांधतात आणि आसपासचे शेतकरी जनावरांना म्हणून विकत नेतात. ते पैसे रोखीत, त्याच संध्याकाळी हातात, मुकादमाच्या डायरीत येत नाहीत. बाजारहाट, तेल-मीठ, पोराचं औषध त्यातूनच चालतं, आणि बहुतेक घरात तो पैसा बाईच्या कनवटीला असतो. सासू कोपीवर असणारच आहे, मग पेंढ्या विकायला तिलाच बसवा. म्हातारी भाव सोडणार नाही.

सासूबाई_नं१

सोडणारच नाही! दहाच्या पेंढीचे बारा घेईल ती. लिही लवकर, नाव काय ठेवलंयस सासूचं?

नवलेखिका_९१

अजून नाही ठेवलं. श्रावणातला बदल करून दुसरा भाग रविवारपर्यंत टाकते. मास्तर, पेंढीला भाव काय असतो हल्ली ते व्यनित सांगा प्लीज, आणि ओल्या वाढ्याने हात कापतात ना?

बालाघाट

कापतात. बोटांच्या बेचक्यांत, पातीच्या कडेने. नव्या माणसाचे तर पहिल्या आठवड्यात सोलून निघतात. सासूबाई आयुष्यभर तेच करत आल्यात, त्यांचे नाही कापायचे, गंगूबाईच्या बारक्याचे कापतील. भाव उद्या विचारून सांगतो.